किती मीटर तंगूस?

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याची, जाडी ठरली की दुकानदार पुढचा प्रश्न टाकतो, ‘किती मीटर देऊ?’ मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून रीळवाली काठी मागवणारी पोरं आता चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीतही आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची गाडी इथेच अडते. कोणी म्हणतो, ‘शंभर द्या’, कारण तंगुसाची गुंडी शंभर मीटरचीच असते. कोणी म्हणतो, ‘मावेल तेवढा भरा.’ पहिल्याचं रीळ अर्धपोटी राहतं, दुसऱ्याचं ओसंडून वाहतं. तलावाच्या पाळीवर गेल्यावर पहिल्याचा गळ म्हणावा तितका लांब जात नाही आणि दुसऱ्याच्या हातात पहिल्याच फेकीला गुंत्याचा गोळा येतो.

गोंधळाचं मूळ असं की एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. मासा लागला तर किती दोरा लागेल, हा एक. रीळ नीट चालण्यासाठी ते किती भरलेलं हवं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुम्ही कुठल्या पाण्यावर बसता यावर ठरतं, दुसऱ्याचं रिळाच्या घडणीवर. ही दोन उत्तरं क्वचितच जुळतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उथळ तलावांवर तर जवळपास कधीच जुळत नाहीत. तिथे रिळाला जेवढा दोरा लागतो, त्याच्या निम्माही माशाला लागत नाही. तरीही रीळ भरावंच लागतं. उरलेली जागा कशाने भरायची, यात खरी हुशारी आहे.

या भागातल्या जुन्या गळाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. ढिवर समाजाचा मुख्य धंदा जाळ्यावर चालतो. गळ हा फावल्या वेळचा, पोराटोरांचा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचा. बांबूची काठी, काठीएवढाच किंवा हातभर जास्त दोरा, बोरूचा किंवा मोरपिसाचा तरंगा, शिशाचा मणी आणि गांडूळ. मासा लागला की काठी उचलायची, मासा थेट पाळीवर. सोडायला जादा दोराच नाही, त्यामुळे मोठा मासा असेल तर दोरा तुटतो किंवा काठी मोडते, विषय संपला. रिळाने हेच बदललं. रीळ म्हणजे गरज पडेल तेव्हा सोडायला आणि मग परत घ्यायला ठेवलेला साठा. साठा आला की तो किती, हा हिशेब आला.

आज बाजारात जे रीळ सर्रास मिळतं, ज्यात दोरा गुंडाळलेलं स्पूल काठीच्या रेषेत समोर तोंड करून असतं, त्याची कल्पना कापडगिरणीतली आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डकडचे गिरणीमालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. गिरणीत बॉबिन जागेवर स्थिर असते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. त्यांनी तीच युक्ती गळाला लावली. त्याआधीच्या रिळांत गळ फेकला की दोऱ्यासोबत सगळं चाक फिरायचं. हलक्या गळाला ते जड चाक फिरवणं जमायचं नाही. इलिंगवर्थच्या रिळात स्पूल हलतच नाही. दोरा वेढ्यावेढ्याने त्याच्या पुढच्या कडेवरून घसरत बाहेर पडतो. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगायची गरज नाही. संक्रांतीला चक्री आडवी धरून पतंगाला ढील देणं आणि चक्री उभी करून तिच्या टोकावरून मांजा सोडणं, यात जो फरक आहे तोच या दोन रिळांत आहे.

आता सगळा खेळ त्या कडेवर येतो. स्पूल कमी भरलेलं असेल तर प्रत्येक वेढ्याला आधी खोलातून वर चढावं लागतं, मग कडेला घासून बाहेर पडावं लागतं. हे घासणं फेकीचा जोर खातं. स्पूल कडेपर्यंत भरलेलं असेल तर वेढ्यांना थोपवणारं काहीच राहत नाही. एक वेढा सुटताना खालचे दोन-चार सोबत घेऊन येतो आणि काठीच्या पहिल्या कडीतून गुंत्याचा गोळा निघतो. म्हणून जुने शिकारी सांगतात ते बरोबर आहे: दोऱ्याचा वरचा थर कडेपासून दीड ते दोन मिलिमीटर खाली असावा, एका नाण्याच्या जाडीहून किंचित जास्त. आडव्या चाकाचं, अंगठ्याने आवरायचं रीळ असेल तर तीन मिलिमीटरपर्यंत फट चालते. मात्र ते रीळ नवशिक्यांसाठी नाही, त्यामुळे त्याला इथेच रामराम.

एक ठोस उदाहरण घेऊ, म्हणजे आकडे बोलतील. मध्यम मापाचं एक रीळ आहे. त्याच्या स्पूलची कड मध्यापासून २४ मिलिमीटरवर, आतला दांडा १५ मिलिमीटर त्रिज्येचा आणि दोरा बसायची रुंदी १६ मिलिमीटर. दोन मिलिमीटर फट सोडली तर दोऱ्याचा थर २२ मिलिमीटरपर्यंत येतो. ०.३० मिलिमीटर जाडीचा तंगूस शेजारी शेजारी नीट बसला असं धरून गणित केलं, तर या जागेत साधारण १४५ मीटर मावतो. रिळावर छापलेली ‘०.३०/१४५’ अशी जोडी याच गणिताची असते: पहिला आकडा जाडीचा, दुसरा लांबीचा. बऱ्याच जणांना ती रिळाची ताकद वाटते. ती नुसती मावण्याची क्षमता आहे.

आता या स्पूलवर दुकानातली शंभर मीटरची गुंडी चढवली तर? थर साधारण २०.१ मिलिमीटरपर्यंत येतो. फट दोनच्या जागी जवळपास चार. ऐकायला फरक मामुली वाटतो. पण चाळीस मीटरची फेक गेली की स्पूलवर साठच मीटर उरतात आणि फट पावणेसहा मिलिमीटरवर जाते. पूर्ण भरलेल्या रिळात त्याच वेळी ती पावणेचारच्या आसपास असते. म्हणजे गळ जेव्हा दमत आलेला असतो, नेमकं तेव्हाच घर्षण सगळ्यात जास्त. फेक तीस-पस्तीस मीटरवर थांबते ती यामुळे, आणि लोक दोष काठीला देतात.

कमी भरलेल्या रिळाचं दुसरं नुकसान हँडलला कळतं. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलभोवती सव्वापाच वेढे पडतात असं धरलं, तर २२ मिलिमीटरच्या थरावर एका फेऱ्यात सुमारे ७२ सेंटिमीटर दोरा आत येतो. थर साडेसोळावर असेल तर ५४ सेंटिमीटर. मासा आपल्याच दिशेने पळत आला तर दोरा ढिला पडू न देणं हेच सगळं कौशल्य असतं आणि तिथे हा पाव हिस्सा भारी पडतो. ढिला दोरा म्हणजे सुटलेला मासा.

तिसरी गोष्ट ड्रॅगची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची असून सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. ड्रॅग म्हणजे स्पूलला लावलेला ब्रेक. माशाने ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढलं की स्पूल घसरतं आणि दोरा सुटू लागतो, म्हणजे दोरा तुटत नाही. ०.३० च्या साध्या तंगुसाची ताकद पाच-सहा किलोची धरली तर ड्रॅग दीड-दोन किलोवर, म्हणजे पाव ते एकतृतीयांश ताकदीवर लावतात. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण ब्रेक दांड्यावर असतो आणि मासा दोऱ्याच्या वरच्या थरावरून ओढत असतो. थर जितका उंच, तितकं त्याला ओढायला सोपं. दोरा सुटत गेला की थर खाली जातो आणि तोच ब्रेक माशाला घट्ट लागू लागतो, आपण बटणाला हातही न लावता. आपल्या उदाहरणातल्या रिळावर दोन किलोचा ड्रॅग लावला आणि मासा नव्वद मीटर घेऊन गेला, तर थर १८ मिलिमीटरवर येतो आणि दोनचे जवळपास अडीच किलो होतात. एकशे वीस मीटर गेले की पावणेतीनच्या घरात. त्यात इतका लांब दोरा पाण्यातून ओढला जातो त्याचा भार वेगळा. काठीच्या कड्यांवरचं घर्षण वेगळं. गाठीपाशी तंगूस आधीच कमजोर झालेला असतो, ते आणखी वेगळं.

म्हणून मासा लांब पळू लागला की घाबरून ड्रॅग आवळायचा नसतो. रीळ स्वतःच तो आवळत असतं. दोरा अर्ध्याच्या खाली गेला तर उलट किंचित सैल करायचा. स्पूल नीट भरलेलं असलं की हा बदल सावकाश होतो, कारण बाहेरच्या थरांत दोरा जास्त असतो. आपल्या रिळात जाडीचा बाहेरचा अर्धा भाग दोऱ्याची सुमारे ५५ टक्के लांबी धरतो. दांडा बारीक आणि स्पूल खोल असेल तर हा हिस्सा आणखी वाढतो.

आता त्या उरलेल्या जागेकडे येऊ. शंभर मीटरची गुंडी घेतली आणि रीळ १४५ चं असेल तर उपाय सोपा आहे. खाली जुना, स्वस्त दोरा भरायचा, त्यावर नवा तंगूस. या खालच्या दोऱ्याला आपण भराव म्हणू. भराव किती, याचं सूत्र एकच: जाडी दुप्पट झाली की लांबी चौपटीने घटते. जाडीचा वर्ग करून लांबीने गुणलं की स्पूलवरची जागा कळते. ०.३० च्या ४५ मीटरची जागा ०.४० च्या तंगुसाने भरायची असेल तर पंचवीस मीटर पुरतात. याच रिळावर ०.३५ चा तंगूस चढवला तर १४५ ऐवजी १०६ मीटरच बसतो. ०.२५ चा चढवला तर दोनशेच्या पुढे जातो. कागद-पेन नको असेल तर दुसरी रीत आहे, आणि ती चुकत नाही. नवा तंगूस आधी गुंडाळा, त्यावर भरावाचा दोरा बांधून फट दोन मिलिमीटर राहीपर्यंत भरा, मग सगळं एका रिकाम्या गुंडीवर उतरवा, तिथून दुसऱ्या रिकाम्या गुंडीवर घ्या आणि मगच पुन्हा रिळावर चढवा. भराव खाली जातो, तंगूस वर येतो. तीन उलथापालथी कराव्या लागतात, पण मोजमापाची कटकट राहत नाही.

विणीचा दोरा, ज्याला पोरं ब्रेड म्हणतात, त्याला तर भरावाशिवाय गत्यंतरच नाही. हा दोरा बारीक आणि मजबूत असतो. ०.१६ मिलिमीटरचा शंभर मीटर विणीचा दोरा आपल्या रिळावर ०.३० च्या जेमतेम अठ्ठावीस मीटर तंगुसाएवढी जागा घेतो. तसाच चढवला तर फट सात मिलिमीटरच्या वर राहते, आणि महागाचा दोरा घेऊनही फेक जुन्या तंगुसाहून आखूड जाते. शिवाय विणीचा दोरा गुळगुळीत धातूच्या दांड्यावर पकड घेत नाही. सगळाच्या सगळा गठ्ठा दांड्याभोवती घसरत राहतो आणि ड्रॅग कितीही आवळला तरी मासा दोरा घेत जातो. लोक रीळ बिघडलं म्हणून दुकानात परत घेऊन येतात. खाली तंगुसाचे काही थर दिले, निदान दांड्यावर चिकटपट्टीचा एक वेढा घातला, तर हा प्रश्न मिटतो. एवढं लक्षात ठेवा की विणीच्या दोऱ्याच्या पाकिटावरची जाडी नेहमी खरी नसते. तो चपटा असतो आणि छापील आकड्याहून जास्त जागा घेतो. इथे गणितापेक्षा डोळ्याने फट पाहणं बरं.

रिळाचं झालं. आता पाण्याचं.

झाडीपट्टीत पाणी तीन तऱ्हेचं. पहिलं तलाव-बोड्यांचं. कोहळी समाजाने आणि इतरांनी धान-उसासाठी बांधलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले आणि मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आलेले हे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव हजारोंनी आहेत. बहुतेक उथळ आहेत. काठाला गवत, मध्ये कमळ, कुठे शिंगाड्याची वेल, तळाला गाळ. इथला मानाचा मासा मरळ. मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून कमी प्राणवायूच्या उथळ, गढूळ पाण्यातही टिकते. ती लांब पळून शिकार करणारी नव्हे. वनस्पतीच्या आडोशाला दबा धरून बसते, आमिषाचा रबरी बेडूक डोक्यावरून सरकला की झडप घालते आणि तोंडात गळ घेऊन थेट कमळाच्या देठांत शिरते. तिला वीस मीटर जाऊ दिलं तर दोरा देठांना दहा वेढे घालून बसतो. मग मासाही नाही आणि बेडूकही नाही. म्हणून इथे उलटा न्याय आहे: दोरा सोडायचाच नाही. ड्रॅग घट्ट, दोरा मजबूत विणीचा, आणि झडप बसली की तिला पानांवरून ओढत आणायचं. कामाचा दोरा साठ मीटर असला तरी पुरतो, शंभर म्हणजे चैन. खाली सगळा भराव. महागडा दोरा दोन-तीनशे मीटर घेऊन बोडीवर जाणं म्हणजे पैसे गाळात घालणं.

दुसरं पाणी मोठ्या जलाशयांचं. नागभीड तालुक्यातला घोडाझरी आणि सावली तालुक्यातला आसोलामेंढा हे इंग्रजी अमदानीतले सिंचन तलाव. चामोर्शी तालुक्यातलं दिना धरण नंतरचं. त्याच्या जलाशयाला मुख्यमंत्री राहिलेल्या मा. सां. कन्नमवारांचं नाव आहे. अशा पाण्यात रोहू, कटला, मृगळ असतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. काठ मोकळा, पाणी खोल, त्यामुळे फेक लांब लागते. मोठा रोहू लागला की पहिल्या झटक्यात तो सरळ खोल पाण्याकडे धाव घेतो. त्याला थोपवायचं नसतं, दमवायचं असतं. इथे माझा हिशेब असा: लांबात लांब फेक जेवढी जाते तेवढा एक भाग, माशाच्या पळासाठी तेवढाच दुसरा, आणि स्पूल तळ दाखवू नये म्हणून तिसरा. चाळीस मीटरची फेक असेल तर एकशे वीस मीटर. १४५ चं रीळ इथे मापात बसतं आणि भरावाची गरज फारशी उरत नाही. ०.३० चा तंगूस ताणला जातो, हाही इथे गुण आहे. रोहूचे ओठ मऊ असतात, ताठ विणीच्या दोऱ्याने ते फाटून गळ सुटतो. तंगूस तो झटका पोटात घेतो.

तिसरं पाणी नद्यांचं, आणि तिथे सगळे हिशेब वाढतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत येणारी वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला मिळते आणि पुढे प्राणहिता होऊन सिरोंचापाशी गोदावरीत जाते. उन्हाळ्यात तिच्या वाळूच्या पात्रात जे डोह उरतात, त्यांत शिवडा आणि शिंगाळा यांसारखे मिशावाले मोठे मासे दबून असतात. प्रवाहात लागलेला मासा नुसता पळत नाही, पाणीही त्याला ढकलत नेतं. त्याच्यामागे काठाकाठाने चालत जाता आलं तर अर्धा दोरा वाचतो. पण वाळूत पाय रुततात आणि जंगलाचा काठ चालू देत नाही. नदीवर दोनशे मीटरच्या खाली जाऊ नये, आणि तेवढा मावण्यासाठी मोठं स्पूल घ्यावं. छोट्या रिळावर बारीक तंगूस भरून मीटर वाढवणं ही फसवणूक आहे: लांबी मिळते, ताकद जाते. वैनगंगेवर एक जास्तीची काळजी. वर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की खाली ऊन असतानाही पात्र चढतं. पावसाळ्यात पात्रातल्या खडकावर जाऊन बसणाऱ्याला रिळावर किती मीटर आहे याने काही फरक पडत नाही.

दोरा किती, हे ठरलं. तो कसा चढवता, यावरही तेवढंच अवलंबून आहे, कारण सैल भरलेलं स्पूल काठोकाठ दिसतं आणि पहिल्या मोठ्या माशाने ओढलं की वरचा दोरा खालच्या थरांत रुतून बसतो. रीळ काठीला लावा, दोरा खालच्या कडीतून ओवा, दांड्यावर सरकती गाठ मारा. ओलं फडकं दोन बोटांत धरून त्यातून दोरा ताणत ताणत गुंडाळा. ताण इतकाच की फडक्यातून दोरा सरकताना बोटांना कळला पाहिजे. तंगूस कमालीचा ताणून भरला तर तो नंतर आखडतो आणि दांड्याला आवळून बसतो, तेही वाईट. वीसेक वेढे झाले की थांबा आणि दोरा ढिला सोडून पाहा. तो स्वतःभोवती पिळू लागला तर गुंडी जमिनीवर उलटी ठेवा. स्थिर स्पूलवर प्रत्येक वेढ्यासोबत दोऱ्याला एक पीळ पडतो. गुंडीवरून तो उलट दिशेने सुटला तर पीळ एकमेकांना मारतात, त्याच दिशेने सुटला तर दुप्पट होतात. पिळलेला तंगूस कितीही योग्य मापात भरा, तो गुंतणारच.

आणि चंद्रपूरचा उन्हाळा विसरू नका. पारा पंचेचाळीस-सत्तेचाळीसपर्यंत जाणाऱ्या गावात काठी पत्र्याच्या शेडखाली किंवा गाडीच्या मागच्या काचेशी ठेवणं म्हणजे तंगूस वाया घालवणं. हा तंगूस म्हणजे नायलॉन. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांनी १९३५ मध्ये तो घडवला. सूत आणि रेशमासारखा तो कुजत नाही, पण कडक ऊन त्याला मानवत नाही. तो कडक होतो, स्पूलच्या वळणाचा आकार धरून बसतो आणि गाठीत तुटतो. ओला झाला की त्याची ताकद दहा-पंधरा टक्के घटते ते वेगळंच. ऊन आणि घासणं हे सगळं वरच्या तीस-चाळीस मीटरवर येतं. खालचा दोरा कोराच राहतो. म्हणून हंगाम संपला की तंगूस फेकून न देता उलटा गुंडाळा, खालचं टोक वर येऊ द्या. शंभर मीटरच्या गुंडीत दोन हंगाम निघतात. पाण्यावर असतानाही दर फेरीला टोकाचा मीटर-दीड मीटर बोटांतून सरकवून पाहा. खरखर लागली की कापा. असं कापत गेल्याने स्पूल रिकामं होत जातं. फट चार मिलिमीटरवर गेली की खाली भराव वाढवायची वेळ आली समजा.

गळ टाकण्याआधी परवानगीचंही पाहा. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यात बीज त्यांनी सोडलेलं असतं आणि मासा त्यांचा असतो, तेव्हा संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकणं ही चोरीच. गडचिरोलीत ग्रामसभेलाही विचारावं लागतं. पेसा कायद्याने गावाला छोट्या जलसाठ्यांवर अधिकार दिले आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे व पाण्यातली इतर उपज हा सामूहिक हक्क म्हणून नोंदवलेला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने असे सामूहिक वनहक्क मिळवले ते २००९ साली. ताडोब्याच्या तलावात मगरी आहेत, पण त्या नसत्या तरी तिथे गळ टाकता आला नसता. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद आहे. चपराळा अभयारण्यातही तोच नियम. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावलीकडच्या तलावांवर दिवस मावळायच्या आत सामान आवरा. तिथे पाणी प्यायला वाघही येतो, आणि पाण्याकडे तोंड करून वाकून बसलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही, असं गावकरी सांगतात ते ऐकण्यासारखं आहे.

शेवटी एक विनंती. कापलेला तंगूस पाळीवर टाकून येऊ नका. तो दिसत नाही आणि वर्षानुवर्षं कुजत नाही. पाणकावळ्याच्या पायाला, कासवाच्या मानेला आणि चरायला आलेल्या गुरांच्या खुरांना तो अडकतो. सोबत रिकामी प्लास्टिकची बाटली ठेवा, तुकडे तिच्यात भरून घरी आणा, कात्रीने बोटभर लांबीचे करा आणि मगच कचऱ्यात टाका. दुसऱ्या कोणाचा पडलेला दिसला तर तोही उचला. धड असला तर भरावाला चालतो.